शिंगाडे हवालदारांची स्पॅम-कोठडी

आमच्या शेजारचे शिंगाडे हवालदार रोज सकाळी चहाच्या आधी स्पॅमची हजेरी घेतात. खोटं वाटेल, पण मी भिंतीपलीकडून ऐकतो ना! "लॉटरीवाला? हाय. केवायसीवाला? हाय. परदेशातली विधवा? बाई, तू अजून हितंच व्हय!"

त्यांची सगळी नोकरी सोलापुरात कोठडीच्या पहाऱ्यावर गेली. निवृत्त झाले, पण पहारा काही सुटेना. नको त्या मेलचं काय करायचं ते मीच शिकवलं. उघडायचं नाही, लिंकला बोट लावायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. नुसतं 'स्पॅमची तक्रार करा' दाबायचं.

"जबाब न घेताच आत?" हवालदार उखडले.

"काका, जबाब घ्यायला जाल आणि तुमचंच खातं साफ होईल!"

मग काय विचारता! दाबायचा सपाटाच लावला. विम्याची पावती आत, गॅसचं बुकिंग आत, मी पाठवलेलं वास्तुशांतीचं आमंत्रणसुद्धा आत. मी भडकलो, तर म्हणाले, "संशयित होता की तुमी. फुकट जेवायला कोण बोलावतंय आजकाल?"

माणूस लई मोकळा. फक्त लेकाचं, सचिनचं नाव काढायचं नाही. काकू गेल्यावर घरात बाप-लेक दोघंच. लेकानं पोलीस भरतीचा नाद सोडून बंगळुरूला कॉम्प्युटरची नोकरी धरली, तेव्हापासून बोलणं बंद. त्याचा फोन वाजला तरी काका उचलायचे नाहीत.

परवा मला हाक आली. "मास्तर, आत टाकलेला बाहेर कसा काढायचा?"

बघतो तर स्पॅममध्ये विधवेच्या खाली सचिनचा मेल. 'बाबा, तब्येत कशी आहे? दिवाळीला येऊ का?'

"अहो, ह्याला कुणी आत टाकलं?"

"मीच. रागाच्या भरात." काकांची मान खाली. "आता त्याचं समदं आपोआप आत जातंय. रोज वाचतो. पर महिना झाला की जुनं जुनं पुसून जातंय हो!"

मी 'स्पॅम नाही' दाखवलं. काकांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि मगच बटण दाबलं. मेल इनबॉक्सात आला.

"उत्तर लिवा," काका म्हणाले. "सदर इसमास कळविण्यात येते की..." थांबले. "न्हाय, न्हाय, खोडा ते. लिवा, ये. बाप रागावलेला न्हाय. एकटा हाय."

मी पाठवलं. काका स्क्रीनला नाक लावून बसले.

"मास्तर, त्यानं तिकडं मला आत टाकलं नसंल न्हवं?"