हलत्या हुकाचा टेप

एका जंगलात प्रत्येक वस्तूला पंजे मिळायचे.

म्हणजे काय, ते आधी समजून घ्या, मुलांनो, आणि मध्येच हात वर करू नका. तिथल्या बाजाराच्या तोंडाशी एक जुनं ऐनाचं झाड होतं. दुकानांतल्या सगळ्या वस्तूंची नावं त्याच्या खोडावर कोरलेली होती, आणि पलीकडच्या बाजूला कारागिरांची. ज्याला एखाद्या वस्तूबद्दल मत असेल, त्याने पंजा चिखलात बुडवायचा आणि तिच्या नावाखाली उमटवायचा. एकच पंजा म्हणजे वस्तू टाकाऊ. पाच पंजे म्हणजे डोळे मिटून घ्या.

मत असलं की पुरे. वस्तू वापरलेली असावी, असा काही नियम नव्हता. बगळ्याने कंगव्याला पाच पंजे दिले होते. घुबडाने उन्हाच्या चष्म्याला चारच दिले. एक का कापला, तर म्हणे दुकान दिवसा उघडं असतं.

या जंगलात चोचे मिस्त्री नावाचा एक सुतारपक्षी राहत होता. कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण त्याचा टेप म्हातारा झाला होता. पट्टी बाहेर काढली की परत आत जायला नको म्हणायची. पहिल्या चार इंचांवरचे आकडे झिजून गेले होते. मिस्त्री ते चार इंच सोडून माप धरायचा आणि शेवटी लक्षात ठेवून चार मिळवायचा. एकदा विसरला. मुंगसाची बाज चार इंच आखूड झाली. मुंगूस बिचारं भलं, ते शेपूट दुमडून झोपतं.

अशातच मिस्त्रीकडे खारूताई आली.

"मिस्त्री, चारोळ्या ठेवायला एक पेटी हवी. आणि झाकण असं घट्ट बसलं पाहिजे, की मुंगीचं मुंडकंसुद्धा आत शिरता कामा नये."

मागच्या पावसाळ्यात लाल मुंग्यांनी तिचा सगळा साठा उचलून नेला होता. घरात दोन पिलं होती. ऐन श्रावणात ती झाडाची साल चघळत झोपायची आणि खारूताई त्यांना रोज "उद्या हं," म्हणायची. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मी तुम्हाला सांगतोय, कारण पुढे सगळेजण टेपबद्दलच बोलणार आहेत, आणि तेव्हा तुम्ही त्या पिलांना विसराल.

"झाकण बसेल," मिस्त्री म्हणाला. "पण आधी नवा टेप आणतो."

"मीही येते. पेटी माझी आहे."

टेप मिळायचे काटेशेठकडे. काटेशेठ म्हणजे साळिंदर. त्याने दोन तऱ्हेचे टेप काढून ठेवले. एक साधा, पिवळा, किंमत दोन मुठी चारोळ्या. दुसरा काळा, चकचकीत, टोकाला जाडजूड हूक, किंमत टोपलीभर चारोळ्या.

मिस्त्रीने चकचकीत टेपाकडे पाहिलंही नाही. त्याने पिवळे तीन टेप मागून घेतले. पिशवीतून बरोबर सहा इंचांचा एक लाकडी तुकडा काढला. टेपचा हूक तुकड्याच्या कडेला अडकवला, ओढला आणि माप वाचलं. मग तो तुकडा दोन खोक्यांच्या मध्ये चेपून बसवला, अलगद काढून घेतला, आणि खोक्यांमधली मोकळी जागा हूक टेकवून, दाबून मोजली. पहिल्या टेपने एकदा सहा दाखवले आणि एकदा सहाला अर्धं सूत कमी. एका इंचात आठ सुतं असतात, तेव्हा अर्धं सूत म्हणजे फार नाही. पण मिस्त्रीने तो बाजूला ठेवला. दुसराही ठेवला. तिसऱ्याने दोन्ही वेळा नेमके सहा दाखवले.

"हा द्या," मिस्त्री म्हणाला.

खारूताईने टेप हातात घेतला आणि किंचाळली.

"अहो, याचा हूक हलतोय!"

"हलायलाच हवा."

"माप घेणारी वस्तूच हलायला लागली, तर माप काय घेणार कपाळ?"

मिस्त्रीने शांतपणे समजावलं. "हे बघा खारूताई, हूक मुद्दाम सैल ठेवतात. फळीला अडकवून ओढला की तो स्वतःच्या जाडीइतका बाहेर सरकतो. पेटीच्या आत टेकवून दाबला की तेवढाच आत सरकतो. म्हणून बाहेरचं आणि आतलं, दोन्ही मापं खरी येतात. नाहीतर हुकाच्या जाडीएवढी चूक राहील."

हे अगदी बरोबर होतं. त्यात एकच दोष होता. ते ऐकून घ्यावं लागत होतं.

खारूताई धावत ऐनाच्या झाडाकडे गेली. पिवळ्या टेपच्या नावाखाली एकुलता एक पंजा होता आणि त्याच्या बाजूला कोणीतरी नखाने कोरलं होतं : 'हूक ढिला. शुद्ध फसवणूक.' चकचकीत टेपखाली मात्र पाच पंजे होते. 'हूक पक्का. हलवून दाखवा!'

झाडाखाली हुप्पेसर बसलेच होते. हे वानर. जंगलात कोणाला काही घ्यायचं असलं, की यांचा सल्ला घ्यायची पद्धत होती. सर या झाडावरून त्या झाडावर उडी मारताना अंतर नुसत्या नजरेने जोखायचे आणि ते कधी चुकत नसे. पण त्याबद्दल ते बोलत नसत. ते टेपबद्दल बोलत.

"खारूताई, चारित्र्य हुकात असतं," हुप्पेसर म्हणाले. "जो स्वतः डळमळतो, तो दुसऱ्याला काय मोजणार?"

खारूताईला ते पटलं. खारूताई परत आली. "मिस्त्री, टोपली मी देते. पण माझ्या पेटीला ढिला हूक लागायचा नाही."

घरातल्या साठ्यातून टोपलीभर चारोळ्या काटेशेठकडे गेल्या. मिस्त्रीने दोन मुठी स्वतःच्या मोजल्या आणि पिवळा टेप पिशवीत टाकला.

पेटी चांगली झाली. सागाची, चारी कोपऱ्यांत फळ्या एकमेकींत गुंतवलेल्या. मग झाकणाची वेळ आली. झाकण पेटीच्या तोंडात, आत उतरून बसणारं होतं. खारूताई समोरच्या फांदीवर बसून पापणी न लववता बघत होती.

मिस्त्रीने फळी उचलून सरळ पेटीच्या तोंडावर धरली आणि पेन्सिल काढली.

"हे काय?"

"लावूनच खूण करतो. मापाची भानगडच नको."

"म्हणजे अंदाजे? टोपलीभर चारोळ्या दिल्यात मी त्या टेपाला!"

मिस्त्रीने चकचकीत टेप घेतला. पेटीच्या तोंडात टेकवला. "अकरा इंच दाखवतोय. याचा हूक सरकत नाही, म्हणून यात हुकाची जाडी धरलेली नाही. मी अर्धं सूत वाढवून कापतो."

"टेपवर किती आहे?"

"अकरा."

"मग अकराच कापा. तुम्ही काय टेपपेक्षा शहाणे?"

मिस्त्रीने फळीला हूक अडकवला, बरोबर अकरावर खूण केली आणि कापली. लांबीला तसंच, रुंदीलाही तसंच. झाकण छान उतरलं. जरा जास्तच छान उतरलं.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी खारूताईने झाकण उचललं. पेटीत लालच लाल पसरलं होतं. एका कोपऱ्यातल्या चारोळ्या संपल्या होत्या. मागे पिलांनी विचारलं, "आई, आज चारोळ्या?" तिच्या तोंडून "उद्या हं" निघालं, आणि मग तिला रडूच कोसळलं.

तिने मिस्त्रीला बोलावलं. हुप्पेसरांनाही बोलावलं. सर आले ते टेप घेऊनच मोजायला बसले.

"पेटीचं तोंड, अकरा इंच," सर म्हणाले. मग झाकण मोजलं. "झाकण, अकरा इंच. अकरातून अकरा गेले, बाकी शून्य. खारूताई, फट नाही."

"अहो सर, पण मुंग्या जातायत ना!"

"भावनेच्या भरात बोलू नका. पाच पंजांचा टेप आहे. तो म्हणतो फट नाही, म्हणजे नाही." सरांनी झाकण पेटीवर बसवलं आणि कडेला बोट टेकवून दाखवलं. "बघा, इथे फट नाही."

एवढ्यात एक मुंगी चारोळीचा दाणा ओढत तिथवर आली आणि थांबली. तिच्यामागे आणखी तीस थांबल्या.

"सर, जरा बोट काढता का?" मुंगी म्हणाली. "रस्ता अडतोय."

हुप्पेसरांनी बोट काढलं. मुंगी पलीकडे गेली. मागच्या तीसही गेल्या.

"हा मुंग्यांचा दोष आहे," सर म्हणाले आणि त्यांना एक काम आठवलं.

मिस्त्रीने पिशवीतून पिवळा टेप काढला. पेटीच्या तोंडात दाबला तसा हूक आत सरकला. नव्या फळीला अडकवून ओढला तसा बाहेर सरकला. या वेळी खारूताई फांदीवर बसली नव्हती. ती पिलांना पोटाशी धरून उभी होती.

मिस्त्रीने पेटीतल्या मुंग्या झाडल्या, नवं झाकण तोंडावर ठेवलं आणि चोचीने चार कोपऱ्यांवर टकटक केलं. ते हळूहळू, आतली हवा बाहेर ढकलत खाली बसलं. मुंग्या आल्या. त्यांनी कडेकडेने तीन चकरा मारल्या. मग घरी निघून गेल्या. पिलांना त्या दिवशी चारोळ्या मिळाल्या, 'उद्या' नव्हे.

"मिस्त्री, तुमचे उपकार कसे फेडू?" खारूताई डोळे पुसत म्हणाली.

"त्यात काय," मिस्त्री म्हणाला. "जमलंच तर त्या पिवळ्या टेपच्या नावाखाली पंजा उमटवा. बिचारा एका पंजावर आहे."

दुसऱ्या दिवशी खारूताई चिखलाने पंजा माखून ऐनाच्या झाडाशी गेली. मनापासून गेली होती, हे मला कबूल केलं पाहिजे. तिथे अर्धं जंगल जमलेलं होतं.

"ही बघा खारूताई!" काटेशेठ सगळ्यांना सांगत होता. "एका टेपला टोपलीभर चारोळ्या मोजल्या हिने. वस्तूची पारख लागते!"

सगळ्यांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. खारूताईने एकदा पिवळ्या टेपचं नाव वाचलं. एकदा चकचकीत टेपचं वाचलं. आपली टोपली तिच्या डोळ्यांसमोर आली. आपण मूर्ख ठरलो, हे इतक्या लोकांसमोर स्वतःच्या पंजाने कसं लिहायचं?

तिने चकचकीत टेपखाली पाच पंजे उमटवले.

चिखल थोडा उरला होता. तो वाया जाऊ नये म्हणून ती पलीकडे गेली, 'चोचे मिस्त्री' या नावाखाली दोन पंजे उमटवले आणि नखाने बारीक अक्षरात कोरलं : 'स्वभाव बरा. पण इतका चांगला टेप देऊनही झाकण दोनदा करावं लागलं.'

तात्पर्य : मुलांनो, ज्याने माप बरोबर येतं, तो चांगला टेप. ज्याने चूक दुसऱ्याची निघते, तो उत्तम टेप. परवडत असेल तर उत्तमच घ्यावा.