आधी पुस्तक, मग दार

"बेबीनंदा, ती खालची कडी काढून टाक. पोरगी वाढून राह्यली, हात पोचतो तिचा," सासूबाई, म्हणजे सोनूबाई, आठ दिवस सांगत होत्या.

"पाठ होऊ द्या आत्याबाई, मंग काढते."

बदनापूरच्या शाळेत उद्या बेबीनंदाचा नमुना पाठ होता. हेडमास्तरांना पसंत पडला की इंग्रजीच्या बाईंची नोकरी. विषय होता 'ओपन'. रीत अशी, की जे बोलायचं ते करून दाखवायचं. त्यामुळे ती रोज घरातच पुस्तक उघडायची, छत्री उघडायची, डबा उघडायची, तोंड उघडायची आणि शेवटी कडी सरकवून दार. छत्रीचा खटका बिघडलेला; उघडायची हात लावताच, मिटवायला मात्र सोनूबाईच लागत. साडेतीन वर्षांची सुजाता हे सगळं डोळे विस्फारून पाही.

आज स्टोव्हवर दूध ठेवून बेबीनंदा अंगणात कपडे वाळत घालायला आली, आणि मागे खट् झालं.

"सुजे, दार उघड गं."

खिडकीच्या गजांमागे सुजाताने मान हलवली.

"ओपन द डोअर."

"पयलं बुक," सुजाता म्हणाली.

"मी म्हनलं न्हवतं का?" सोनूबाई शेजारून धावत आल्या.

"आत्याबाई, दूध वर यायलंय. पोरगी एकटी हाय स्टोव्हपाशी."

"मंग घे की पाठ जल्दी. उद्याची कशाला वाट पाहती?"

नेमके तेव्हाच हेडमास्तर भुजंगराव उद्याची वेळ सांगायला फाटकात आले. बेबीनंदाच्या खांद्यावर ओली लुगडी. पण इलाज नव्हता.

"ओपन द बुक." सुजाताने पुस्तक उघडलं. "ओपन द अम्ब्रेला." छत्री फाडकन उघडली आणि अख्खी खिडकी झाकली गेली. आता नुसते आवाज. "ओपन द टिन." साखर सांडल्याचा सळसळाट. "ओपन द माउथ." शांतता.

"साखर खाऊन राह्यली," सोनूबाई कुजबुजल्या.

"ओपन द डोअर."

खट्. दार उघडलं. बेबीनंदा आत झेपावली, पोरीला चाचपलं, स्टोव्ह विझवला आणि धुरकटलेलं पातेलं घेऊन बाहेर आली.

"बाई, उद्या येऊ नका," भुजंगराव गंभीरपणे म्हणाले. तिच्या हातातलं पातेलं कलंडलं. "पाठ झाला. बराबर झाला. सोमवारी हजर व्हा. फक्त पोरगी शिकली कशी, तेवढं पाहतो." ते चप्पल काढून आत गेले.

खट्.

"सर, कडी तुमच्या हाताशीच हाय," सोनूबाई ओरडल्या.

"आहे. पण ती कडीला पाठ लावून बसलीय," आतून दबका आवाज आला. "म्हणते, पयलं बुक. पद्धत मोडणं बरं नव्हे. पुस्तक झालं. पण छत्री तर आधीच उघडी आहे. ही मिटायची कशी?"

सोनूबाई तर बाहेर होत्या.

बदनापूर स्टेशनाकडे निघाला असाल, तर बेबीनंदाचं एवढं काम करा. खिडकीत छत्री दिसेल. तिच्यामागे हाक मारून विचारा, सर अजून तिथंच आहेत का. सोमवारी नोकरीच्या कागदावर सही त्यांचीच लागणार आहे.