रांगेत अडकलेला खंड पहिला

कुठलीही सेवा बंद पडल्याखेरीज ती इतके दिवस चालू होती, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. माणसांचंही असंच असतं. पण आपला विषय संगणक आहे.

भाऊसाहेब हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि इमारतीच्या रहिवासी मंडळाचे सचिव झाले, त्याला नऊ वर्षं झाली. एके दुपारी दोन वाजता बायको म्हणाली, "अहो, दोन पानं छापायचीत. पाचच्या आत द्यायची आहेत, आणि प्रिंटर ढिम्म हलत नाहीये."

भाऊसाहेबांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला. प्रिंटरला वीज होती, शाई होती, कागद होता. (म्हणजे काम न करायला काही कारण नव्हतं. अर्थात दोष प्रशासकीय होता.) संगणकाच्या पोटात छपाईची कामं रांगेत लावणारी एक सेवा असते, ती थांबली होती. त्यांनी 'सुरू करा' दाबलं. सेवा सुरू झाली, चार सेकंद राबली आणि पुन्हा बसली. पडद्यावर खुलासा आला : 'सेवा सुरू होऊन थांबली आहे. काही सेवा काम नसल्यास आपोआप थांबतात.'

भाऊसाहेबांचा ऊर भरून आला. अडतीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकालाही इतका नेटका खुलासा लिहिता आला नव्हता.

इंटरनेटवर उपाय एका ओळीचा होता : रांगेत अडकलेला कागद काढून टाका, मग सेवा सुरू करा. भाऊसाहेबांनी रांग पाहिली. अग्रभागी, गेल्या हिवाळ्यापासून, 'माझ्या कार्यालयीन आठवणी, खंड पहिला, पानं ४१२' ठाण मांडून बसला होता. तो त्यांनी स्वतःच छापायला लावला होता आणि संकोचापोटी कोणाला सांगितलं नव्हतं. आता प्रलंबित कागद नष्ट करायचा, तोही आपलाच? हात धजेना.

मग त्यांनी पर्यायी उपाय हाती घेतले. संगणक बंद-चालू, नऊ वेळा. वायर काढून फुंकर, चार वेळा. मदतकेंद्राला फोन, बावन्न मिनिटं. पैकी संगीत एकोणपन्नास, माणूस तीन. (माणसानं संगणक बंद-चालू करायला सांगितलं. ती दहावी वेळ.)

साडेचारला बायको डोकावली. "झालं का?"

"प्रकरण विचाराधीन आहे."

"उपाय काय लिहिलाय?"

"अडकलेला कागद काढा म्हणतात. पण अगं, त्याला तीन जणांची समिती लागते."

"घरात दोघंच आहोत."

"तेच तर अडलंय."

बायकोनं त्यांच्या खांद्यावरून हात घातला, रांग रिकामी केली, सेवा सुरू केली. एकूण वेळ : अकरा सेकंद.

"माझा खंड!" भाऊसाहेबांच्या तोंडून निघालं.

"मूळ आहे की तिथंच. वाचलाय मी, पडद्यावर. तिसरं प्रकरण कापा, बाकी छान आहे."

एवढ्या आयुष्यात त्यांचं लिखाण कोणी शेवटपर्यंत वाचल्याची ही पहिलीच नोंद. एवढ्यात प्रिंटर घरघरला आणि दोन पानं बाहेर आली.

"इथं सूचक म्हणून सही करा," बायको म्हणाली. भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी, हातात पेन. अडतीस वर्षांच्या सवयीनं सही अर्ध्या सेकंदात झाली. पाचला पाच मिनिटं कमी असताना बायको खाली कागद देऊन आली.

संध्याकाळी फलकावर यादी लागली. सचिवपदासाठी दोन उमेदवार : पहिले, विद्यमान सचिव. दुसऱ्या, विद्यमान सचिवांच्या पत्नी. सूचक : विद्यमान सचिव.

भाऊसाहेबांनी यादी दोनदा वाचली आणि जिना चढून वर आले. "मला सांगितलं का नाहीस?"

"कागदावर लिहिलं होतं की, मोठ्या अक्षरांत."

निवडणुकीत ती एकतीस विरुद्ध दोन अशी जिंकली. ते दोघे कोण, ते कळलं नाही. भाऊसाहेब नक्कीच नव्हते, कारण सूचकानं विरोधात मत देणं शिष्टाचाराला धरून नाही. इमारतीचा पंप आता दुसऱ्या दिवशीच दुरुस्त होतो. भाऊसाहेब घरी तिसरं प्रकरण कापत बसतात.

न वाचता सही करणाऱ्या माणसाला खुशाल हसावं. फक्त हसण्यापूर्वी, आपल्या फोनवर 'मी सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत' यावर आपण बोट ठेवलंत, त्यातली एक, कुठलीही एक अट आठवून पाहावी.