शाळा बुडणार म्हणालो, आणि जमीन गुरगुरली

कोणता देश कधी बुडणार, हे मला विचारावं. दूध डेअरी, सोसायटी, सरकार, शेजारचं राष्ट्र, काहीही सांगा. मकबूलच्या हॉटेलातल्या बाकावर बसून मी त्याची मुदत सांगतो. आजवर माझी निम्मी भाकितं खरी ठरली आहेत. उरलेली निम्मी ठरायची आहेत, एवढंच!

यात एक मर्म आहे. ‘सगळं बरं चाललंय’ म्हणणाऱ्याला गावात कुणी चहासुद्धा विचारत नाही. ‘काही खरं नाही’ म्हणा, लगेच चौघं कान टवकारतात. प्रत्येकाच्या पोटात आपापली भीती असतेच. कुणाची पोरगी लग्नाची, कुणाची हळद अजून वावरात. मी ती सगळी भीती गोळा करून देशाच्या डोक्यावर ठेवतो. देशच बुडायचा म्हटल्यावर आपल्या एकट्याच्या बुडण्याचं फार वाटत नाही. लोक हलके होऊन घरी जातात. खरं सांगायचं तर मीही.

आमचं गाव वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या अलीकडं. आमच्याकडं जमीन गुरगुरते. ही थाप नव्हे. अधूनमधून तिच्या पोटातून आवाज येतो, मांडणीतली भांडी वाजतात, एखाद्या भिंतीला चीर जाते. सरकारची मोठी माणसं येऊन ‘घाबरू नका’ म्हणून सांगून गेली. आम्ही घाबरतो. कारण आमच्या घरांवर पत्रे, आणि ते वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर हे एवढाले दगड! आवाज आला की आम्ही आधी वर बघतो आणि मग देवाचं नाव घेतो.

तर त्या सकाळी हॉटेलात गावच्या शाळेचा विषय निघाला. पोरं जेमतेम. जळबा सांगत होता की नातवाला आता वसमतच्या शाळेची गाडी न्यायला येते, टाय बांधून जातो पोरगा. मी तंबाखू मळत ऐकलं आणि सवयीनं बोलून गेलो, "आपली शाळा काही दिवाळी बघत न्हाई. लिहून ठेवा."

आणि जमीन गुरगुरली.

बशा थरथरल्या. पत्र्यावरचा एक दगड घरंगळत येऊन जळबाच्या चपलेशेजारी आदळला. सगळे रस्त्यावर धावले, मी सगळ्यांच्या पुढं. आवाज थांबल्यावर बघतो तर जमिनीकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मी पोरं आली नाहीत. हे मला कळलं ते बायकोकडून. आमची गोजरबाई शाळेत खिचडी शिजवते. माझं नाव उत्तमराव, पण गावात मला ‘खिचडीवाल्या बाईचे मालक’ म्हणूनच ओळखतात, भाकितं नंतर. ती त्या दिवशी उरलेल्या खिचडीचं पातेलं घेऊन घरी आली आणि उंबऱ्यावरच बसली. मुख्याध्यापिका पल्लवी मॅडम तिला म्हणाल्या होत्या, पट असाच राहिला तर शाळा शेजारच्या गावाला जोडतील, आणि मग इथला स्वयंपाकही बंद.

ती भांडली असती तर बरं होतं. ती नुसती म्हणाली, "तुमाला बोलायला काय जातंय? माझी चूल जाऊन राहिली."

मी हादरलो. ही बाई घरात आजारी असते, शाळेत कधीच आजारी नसते. ती चूल गेली तर हिचं काय होईल, हे भाकीत मला करवेना.

तडक हॉटेल गाठलं आणि उभ्या उभ्या जाहीर केलं, "शाळा मजबूत हाय. शंभर वर्षं तिला काही होत न्हाई."

मकबूलनं हातातला ग्लास खाली ठेवला.

"काका, तब्येत बराबर हाय ना तुमची?"

जळबा चहा अर्धा टाकून उठून गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की उत्तमराव ‘सगळं बरं आहे’ म्हणाले, म्हणजे येणारं संकट तोंडातून काढण्यासारखंच नाही. दोन घरांनी बोचकी बांधून वसमतच्या सोयऱ्यांचं घर गाठलं. दुसऱ्या दिवशी उरलेली पोरंही आली नाहीत. गोजरबाई चूल न पेटवता परत आली.

आता मला माझ्याच तोंडाची धास्ती बसली. वाईट बोलावं तर वाईट, चांगलं बोलावं तर त्याहून वाईट! घरात मीठ मागायलाही जीभ उचलेना.

शेवटी तांदूळ निवडता निवडता तिनंच वाट काढली. "चांगलं बोलनं तुमाला जमत न्हाई. मंग वंगाळच बोला, पर दुसरीकडं बोला."

"कुठं?"

"घरं पडनार म्हना. शाळंचे पत्रे बोल्टानं आवळल्यात, वर एक दगूड न्हाई."

मी गेलो. आवाज कापत होता, त्याचा उपयोगच झाला. म्हणालो, शाळेचं विसरा, आता गावातली घरं जाणार, राहील ती एकटी शाळा. मकबूलनं सुटकेचा सुस्कारा टाकला. काका ठिकाणावर आले! जळबानं माझ्यासाठी चहा सांगितला, तोही आपल्या पैशानं.

दुसऱ्या दिवशी शाळा गच्च! जळबाचा नातू टायसकट हजर, वसमतची गाडी रिकामी परत. पल्लवी मॅडमनी पट दोनदा मोजला आणि आता शाळा हलत नाही म्हणून गोजरबाईला सांगितलं. खिचडी कमी पडली, म्हणून गोजरबाई किती दिवसांनी हसली. पोरांमागं म्हाताऱ्या आल्या, म्हाताऱ्यांमागं अंथरुणं आली. मॅडमनी दिवसा वर्ग घेतले आणि शाळा सुटल्यावर गावाला व्हरांडा मोकळा करून दिला.

दिवेलागणीला मी खूश होऊन बाजेवर पडलो होतो, तर गोजरबाई वळकटी बांधताना दिसली.

"तू कुठं निघालीस?"

"शाळंत."

"अगं, तूच शिकवलेलं ते! खोटं हाय."

तिनं गाठ आवळली. "व्हय, खोटं हाय. पर तुमी बोललाव न्हवं?"

ती गेली. मी आढ्याकडं बघितलं. पत्र्याला मधोमध चांगलाच बाक आलेला होता, आणि त्याच्यावर काय ठेवलंय ते मला पाठ होतं, मीच चढवलेले. देशाचं पुढंमागं बघता येईल म्हटलं, चादर उचलली आणि पळत सुटलो.

शाळेचा व्हरांडा भरून गेला होता. सगळं गाव होतं. भाकीत सांगणाऱ्यासाठी मात्र कुणी जागा धरली नव्हती.