नाना सोमवारी सांगतात

तुमचा कॉम्प्युटर कोणत्याही वारी बिघडू दे, आमच्या कॉलनीत त्याचं निदान सोमवारीच होतं. रविवारी बिघडला तर तुमचं नशीब थोर. मंगळवारी बिघडला तर मात्र आठवडाभर हातावर हात ठेवून बसा, हरी हरी म्हणा. कारण आमच्या शेजारचे उत्तमराव, म्हणजे सगळ्या कॉलनीचे नाना, येतात, मशीन बघतात, हकीकत ऐकतात, मान हलवतात आणि जाता जाता चपला पायात सरकवत आपल्या बोलीत म्हणतात, "सोमवारले सांगसू."

हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय. सुरुवातीला वाटायचं, महादेवाचा वार म्हणून असेल. मग वाटलं, शिष्टपणा असेल. पुढे पुढे काही वाटेनासंच झालं. माणूस दमला की कारणं शोधायची सोडून देतो.

नाना पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. जन्मभर उसाच्या गाड्या मोजल्या. आधी भरलेली गाडी, मग रिकामी, मधला फरक तो ऊस. निवृत्त होऊन शहाद्याला आमच्या शेजारी राहायला आले, पण काटा काही हातातून सुटला नाही. तुमचा लॅपटॉप समोर आला की नाना आधी तो दोन्ही तळव्यांवर घेतात, डोळे मिटतात, किंचित वरखाली करतात आणि जाहीर करतात, "जड लागी ऱ्हायना. फाइली भरी गयात."

"नाना, फाइलींना वजन नसतं हो."

"सर, ऊसलेबी शेतमा वजन नही ऱ्हास. काटावर उना का मंग समजस."

बायको आत हसते.

मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो, असं माझ्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात मी माहिती भरतो. मुलांची उंची भरतो, वजन भरतो, आज किती ताटं खिचडी झाली ते भरतो. साहेबांना हवी ती माहिती काल हवी असते. त्यातून वेळ उरला तर एखादी कविता शिकवतो. आणि हे सगळं ज्या लॅपटॉपवर करायचं, तो सुरू होईपर्यंत माझी आंघोळ आटोपते. पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहतं आणि त्याच्याबरोबर माझंही डोकं.

बायको म्हणायची, "नवीन घ्या ना एकदाचा. सुरतेला माझा भाऊ आहे, तिथे चांगला मिळेल."

एकदा ती हळूच बोलली होती, पण आमच्या आणि नानांच्या घरांमध्ये भिंत एकच. नाना हजर.

"सर, नवीन लेवाना? कसाले?"

"चालत नाही हो हा."

"मशीन जुनं नही, तुम्ही उतावळा शेतस." मग सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात बघावेत तसं त्यांनी लॅपटॉपचं झाकण उघडून आत पाहिलं. त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. सगळ्या कॉलनीला पाठ. "चार्जर लागेल शे का? बंद करीसन चालू करं का? काही सांडनं का?"

तिसऱ्या प्रश्नाला मी मान खाली घातली. चहा सांडला होता. माझ्याच हातून, थेट कीबोर्डावर.

"चहा!" नाना म्हणाले. त्यांना चहाचं नावसुद्धा सहन होत नाही. आमच्या घरी शंभरदा आले असतील, एकदाही कप तोंडाला लावला नाही. गरम पाणी पितात आणि चहा पिणाऱ्याकडे कीव करून बघतात. "देखा, माणूसनं पोट बिघाडस, आते मशीनबी बिघाडं. सोमवारले सांगसू."

आणि खरं सांगतो, सोमवारी ते येतात ते वेगळेच नाना असतात. ताठ. सकाळी सकाळी दारात उभे राहून एखाद्या डॉक्टरसारखे बोलतात, "हार्ड डिस्क काढी टाका, एसएसडी बसाडा. रॅम आठ शे, सोळा करा. नवीन लॅपटॉपनी गरज नही." एकही शब्द चुकत नाही. मी एकदा विचारलं, "पण नाना, एसएसडी म्हणजे नेमकं काय?" नानांचा चेहरा जरा उतरला. म्हणाले, "ते पुढला सोमवारले." मग ते बसवणं तसंच राहून गेलं.

कॉलनीच्या तोंडाशी रफिकभाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांचा प्रिंटर एका वेळी दोन दोन कागद ओढायचा. नानांनी प्रिंटर उचलून वजन करून पाहिलं, तेव्हा रफिकभाई घाबरून खालून हात धरून उभे राहिले होते. मला म्हणाले, "सर, आज गुरुवार. मतलब मेरा प्रिंटर छुट्टी पे. दुसरे किसीको बुलाऊँ तो नाना नाराज. नहीं बुलाऊँ तो गिऱ्हाईक नाराज." पण बोलावलं नाही दुसऱ्याला. सोमवारी नानांनी सांगितलं, आतलं रबर मळलंय, पुसून घ्या. पुसलं. चाललं. पुष्पाताई बचत गटाचं काम बघतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन यायला लागले. त्याही बिचाऱ्या सोमवारपर्यंत चौकोन बघत बसल्या. नानांनी फॉन्टचं नाव सांगितलं, चौकोन गेले. फुकटात काम होतं म्हणून लोक थांबतात, असं मी म्हणायचो. पण बिघाड नसला तर नाना स्वतः दारोदार फिरून विचारतात, "काही बिघडनं का?" हे मात्र कळत नव्हतं. लोकांच्या घरी बिघाड व्हावा म्हणून वाट बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शनिवारपर्यंत काही हाती लागलं नाही तर नाना कासावीस होतात. अंगणात येरझाऱ्या घालतात.

असाच एक शनिवार. शाळेतून येऊन मी जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात फोन वाजला. बंगळुरूहून नानांचा मुलगा, दीपक. एकुलता एक, कॉम्प्युटरमधलाच इंजिनियर. नानी गेल्यापासून नाना इथे एकटे आणि तो तिथे.

"सर, जरा सल्ला हवाय. बाबांना नवीन लॅपटॉप घेऊन देतोय. तुम्ही रोज बघता त्यांना. किती मोठा पडदा झेपेल?"

मी उठून बसलो. ज्या माणसाने मला नवीन लॅपटॉप घेऊ दिला नाही, त्याच्या लॅपटॉपसाठी सल्ला माझा! म्हटलं, "अरे, पण त्यांच्या जुन्याला काय झालंय?"

"काय नाही झालं ते विचारा! आजारांचं माहेरघर आहे तो. दर रविवारी नवीन दुखणं. मध्ये प्रिंटर दोन दोन कागद ओढत होता. मग मराठी अक्षरांच्या जागी चौकोन यायला लागले. आता म्हणतात कीबोर्डवर चहा सांडला. सर, बाबा तर चहाच पीत नाहीत! कोणी सांडला?"

मी सांडला, असं अगदी ओठांवर आलं होतं. नानांकडे प्रिंटर नाही. तो रफिकभाईंचा. चौकोन पुष्पाताईंचे. चहा माझा. सगळ्या कॉलनीची दुखणी नाना आठवडाभर वेचत होते आणि रविवारी आपली म्हणून पोराला सांगत होते. सोमवारचं कोडं सुटलं. मला हसू आलं.

दीपक खुशीत होता. "नवीन लॅपटॉपमध्ये मी सगळी सोय करून पाठवतोय. काही झालं तर मी इथूनच परस्पर दुरुस्त करीन. बाबांना फोनवर अर्धा अर्धा तास समजवायला नको आता. त्यांनाही त्रास, मलाही त्रास."

मी "बरं, बरं" म्हणालो.

लॅपटॉप आला. कुरिअरवाल्याने खोकं दिलं त्या दिवशी नानांनी कोणाला दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी मला हाक मारली. टेबलावर तो चकचकीत, पातळ लॅपटॉप उघडा होता. बटण दाबलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत सुरू. नाना त्याच्याकडे बघत बसले होते. त्यांनी तो तळव्यांवर घेतला, डोळे मिटले.

"फूल शे फूल. वजनच नही." त्यांनी तो खाली ठेवला. "सर, खरं सांगा. हाऊ कितला दिनमा बिघडी?"

"चांगला आहे नाना. लवकर नाही बिघडणार."

"मीबी देखं. काहीच बिघडी नही ऱ्हायनं." ते माझ्याकडे न बघताच बोलायला लागले. "दीपू फोन करस. 'बाबा, तब्येत कशी शे?' 'बरी शे.' 'जेवण व्हयनं?' 'व्हयनं.' बस, फोन खलास. मंग एकदाव मन्हा लॅपटॉप खरंच बंद पडना. त्या दिन पोऱ्या अर्धा तास बोलना मन्हासंगे. चिडना, हसना. मायनी आठवणबी काढी. पन मन्हं मशीन एकलं. ते दर आठोडाले कसं बिघडी? मंग मी दारोदार फिरीसन लोकेस्ना बिघाड गोया कराले लागनू."

त्यांनी झाकण लावलं. "आते त्यानी सोय करी दिधी. फोनबी कराना नही म्हने."

मी उगाच लॅपटॉपची स्तुती केली आणि घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, "आणि तुम्ही बोलला नाहीत काही?" मी म्हटलं, "काय बोलू?" ती म्हणाली, "मास्तर आहात ना?"

रविवारी सकाळी माझा घरघरणारा लॅपटॉप काखेत मारला आणि नानांकडे गेलो. नाना आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, फोन समोर ठेवून बसले होते. दर रविवारी बसत असतील तसे. फोन वाजत नव्हता.

"नाना, हा बंदच पडायला आलाय. बघा काय म्हणतो."

नानांच्या डोळ्यांत चमक आली, आणि विझली. "आते काय सांगू त्याले? नवा लॅपटॉप घरघर करस म्हनू?"

"लावा तर खरं फोन."

त्यांनी लावला. मलाही ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. दीपकचा आवाज आला, "काय बाबा? काही बिघडनं का?"

नाना माझ्याकडे बघायला लागले. इतका बोलका माणूस, पण पोराशी बोलायला त्याच्याकडे एक बिघाड उरला नव्हता.

मी फोन ओढून घेतला. "दीपक, मी सर बोलतोय. बिघडलाय तो माझा लॅपटॉप. आणि तो चहाही मीच सांडला होता."

"तुम्ही? म्हणजे?"

"प्रिंटर रफिकभाईंचा. चौकोन पुष्पाताईंचे. बाबांचा लॅपटॉप ठणठणीत होता रे. आमचे रोग ते तुला विचारतात आणि सोमवारी आम्हाला औषध आणून देतात. अख्खी कॉलनी तुझ्यावर चाललीय. आणि बाबा तुझ्या रविवारवर."

नानांनी कपाळाला हात लावला. "सर, काय करी टाकं तुम्ही!"

तिकडे कोणीतरी खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. मग दीपक म्हणाला, "सर, फोन बाबांकडे द्या."

नानांनी फोन हातात घेतला.

"बाबा," दीपक म्हणाला. "मंग त्या चहावाला कीबोर्डनं पुढे काय व्हयनं?"

नाना खुर्चीत सरसावून बसले. "आरे, काय सांगू तुले! त्या सरस्ना! 'अ' दाबा का तीनदाव उमटस. शाळानी माहितीमा अअअशोक लिखी दिधं त्यास्नी!"

दीपक खो खो हसला. असं काही मी लिहिलं नव्हतं. पण म्हटलं, जाऊ द्या.

"आन् रफिकचाचाना प्रिंटर?"

"तो चाली ऱ्हायना. पन मी उचलना तवय रफिक इतला घाबरना..."

मग पुष्पाताई झाल्या, बचत गटाचे पापड झाले. पापडांवरून नानींच्या हातच्या ज्वारीच्या बिबड्या निघाल्या. ऊन अंगणातून ओट्यावर आलं. माझा लॅपटॉप माझ्या मांडीवर घरघरत होता. त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं.

शेवटी मीच उठलो. "नाना, माझ्या पंख्याचं काय?"

नानांनी फोनवर तळहात ठेवला आणि किती महत्त्वाच्या कामात तुम्ही व्यत्यय आणताय, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

"ठेवा तठे. सोमवारले सांगसू."

ठेवला आणि घरी आलो. बायको सुरतेला भावाला फोन लावायच्या तयारीत होती. म्हणाली, "सांगू ना त्याला, नवीन घेऊन ठेव म्हणून?"

"नको. जुनाच राहू दे."

"आता आणखी का?"

म्हटलं, "सोमवारी सांगतो."