तीन इंचांचा उसासा

छत्तीस सालच्या शिपाई भरतीसाठी उकंडा आसेगावहून निघाला, तेव्हा तुळसाबाईनं लेकाच्या हातावर दही ठेवलं आणि एकच मंत्र दिला.

"साह्यबापुढं छाती काढून उभा राह्यजो. हवा सोडू नोको."

उकंडा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. शिवाय कामरगावच्या जानरावांनी स्पष्ट सांगितलं होतं, कमरेला सरकारी पट्टा दिसला तरच आमची पंचफुला देऊ. नाही तर दुसरं स्थळ तयार होतं.

मंगरूळपीरच्या दवाखान्यात नाव पुकारताच उकंड्यानं उंबऱ्यावरच छाती गच्च भरून घेतली आणि श्वास कोंडून आत गेला. रामसिंग कंपाउंडरनं उघड्या छातीभोवती फीत लावली.

"पस्तीस."

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता फुगवा."

उकंड्याचे डोळे तेवढे फुगले.

"पस्तीसच, साहेब."

"दोन इंच फरक लागतो, बाबा. श्वास घेताना बरगड्या वर उचलल्या जातात, खालचा पडदा दबतो, तेव्हा फुप्फुसं फुलतात. तुमचं तर काहीच हलत नाही." डॉक्टरांनी टाक दौतीत बुडवला. "नापास."

उकंड्याला बोलायचं तर हवा सोडावी लागली असती. डोळ्यांपुढून जानराव गेले, पंचफुला गेली, तिच्यामागून दुसरं स्थळ वाजतगाजत गेलं. आणि उंबऱ्यापासून जपून आणलेला सगळा श्वास एका लांबलचक उसाशात बाहेर पडला.

फीत सैल होऊन कमरेवर आली. रामसिंगनं ती वर ओढून पुन्हा आवळली.

"साहेब, हा तं बत्तीसचा गडी हाय."

डॉक्टरांचा टाक थांबला. "काय हो, तुम्ही घरूनच फुगून आलात की काय?"

"मायनं सांगतलं होतं, साह्यब."

"आता मी सांगतो. घ्या श्वास."

पस्तीस. लागत होते दोन, निघाले तीन; एक इंच वरकड.

पट्टा मिळाला, पंचफुला आली. पुढं पट्ट्याला भोकं वाढत गेली, पण ती छातीपायी नव्हे. आता रामसिंगही राहिला नाही. पेन्शनीतले उकंडराव ओट्यावर बसून त्या दिवसांकडे बघत लांब उसासा टाकतात.

"काहून उसासे टाकून राह्यले तुमी?" पंचफुला विचारते.

"अवं, याच उसाशापायी तुह्या बापानं तुले मले देल्ली."

पंचफुला सुपातले खडे वेचत राहते.

"मंग तवापासून मी टाकून राह्यली, त्याले कोनं फीत लावली?"