माळकऱ्याची झिंग

सकाळी उजव्या कुशीवर वळून सावळेराम उठायला गेला आणि घाटघरचं त्याचं घर हळूच फिरू लागलं. आढं फिरलं, कोपऱ्यातली उतरंड फिरली, आणि दारातून दिसणारा जीवधन किल्ला धुक्यात होडीसारखा तरंगत निघाला. खांबाला मिठी मारून सावळेराम खुदकन हसला. तेवढंच त्याचं चुकलं.

त्याची बायको सारजाबाई चुलीपुढून उठली. "तोंड उघडा."

"अगं, माळ हाय माझ्या गळ्यात!"

"ती दिसतीया. गळ्याच्या आत काय गेलंय ते बघू द्या."

सावळेरामानं दारू सोडून माळ घातली त्याला काही वर्षं झाली होती. पुन्हा प्यालात तर मी निमगाव सावाला, माहेरी, असं सारजाबाईनं तेव्हाच बजावलं होतं. आता वास काही आला नाही. पण वास येत नाही म्हणजे कुठलं तरी भारीतलं असणार, असं तिच्या मनानं घेतलं.

बातमी ऐकून देवळातले वीणेकरी सोमाजीबुवा भाताच्या खाचराशी आले. "सावळ्या, वर आभाळाकडं बघून शपथ घे."

सावळेरामानं बांधावर उभं राहून वर बघितलं. ढग गरगर फिरत खाली उतरू लागले आणि अर्धी शपथ तोंडात घेऊन तो चिखलात आडवा झाला. संध्याकाळी माफी मागायला देवळात गेला, बुवांच्या पायांवर वाकला, तो थेट वीणेवर कोसळला.

"उद्याच्याला माळ उतरवून देवापुढं ठिव," बुवा म्हणाले. चारचौघांत माळ उतरवणं म्हणजे अब्रूच उतरवणं. न पिता बदनाम झालेल्या माणसाला रडू आलं, तर लोक म्हणाले, चढली की रडतोच हा.

दुसऱ्या दिवशी सारजाबाई गाठोडं घेऊन जीपमध्ये बसली. माळ उतरवायची तशीच ठेवून, विनवण्या करत सावळेरामही मागे चढला. नारायणगावला उतरल्यावर टपावरचं गाठोडं काढायला त्यानं मान वर केली आणि अख्खा बाजार गोल फिरला. सावळेराम टोमॅटोच्या क्रेटमध्ये जाऊन बसला. लोक हसले. शरमेनं लाल झालेल्या सारजाबाईनं त्याचं मनगट धरलं आणि समोरच्या दवाखान्यात नेलं.

"म्याडम, ह्ये किती प्यालेत ते मशीन लावून सांगा. मंग मी माहेरी जायला मोकळी."

साधना डॉक्टरांनी आधी त्यालाच विचारलं, "कधी फिरतं, काका?"

"कुशीवर वळलं की. वर बघितलं, वाकलं, की. जरा वेळानं आपसूक थांबतं."

डॉक्टरांनी त्याला खाटेवर बसवलं, मान उजवीकडे वळवून झटकन आडवं केलं. त्याची बुबुळं नाचू लागली. "काकू, या, डोळे बघा त्यांचे."

सारजाबाई वाकली. इतकी वर्षं तिनं नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला होता, डोळ्यांत काही बघितलं नव्हतं. ते पार भेदरलेले होते.

"कानाच्या आत, तोल सांभाळायला, चुन्यासारखे बारीक कण असतात. ते जागा सोडून भलत्या नळीत शिरलेत. दारूचा काही संबंध नाही." असं म्हणत डॉक्टरांनी त्याची मान सावकाश डावीकडे नेली, त्याला त्या कुशीवर वळवलं, मग उठून बसवलं. पुन्हा आडवं करून बघितलं, तर छत जागच्या जागी.

सारजाबाईच्या डोळ्यांना धार लागली. "चुकलं वो माझं," ती म्हणाली, आणि तिथूनच बुवांना फोन लावला. "माळ ऱ्हाऊ द्या बुवा. कान फिरलाय, माणूस न्हाई."

"कधी कधी हे परत होतं," डॉक्टर म्हणाल्या. "झालं तर या."

सावळेराम छताकडे बघत होता. आता ते नुसतं छत होतं. धुक्यात तरंगत गेलेला जीवधन त्याला आठवला. न पिता, न पाप करता, माळेसकट! त्यानं हळूच विचारलं, "म्याडम, नेमकं कुठल्या कुशीवर वळलं की व्हतं ह्ये?"

"उजव्या," डॉक्टर बोलून गेल्या.

सारजाबाईनं डोळे पुसले आणि नवऱ्याकडे रोखून बघितलं. गाठोडं उचलून घाटघरच्या जीपकडे निघाली.

त्या दिवसापासून ती आपलं अंथरूण त्याच्या उजव्या हाताला घालते, अगदी खेटून. वळायला जागाच ठेवत नाही. सावळेरामाची त्याबद्दल काही तक्रार नाही.